अहवाल, ऑनलाइन अध्ययनव्यवस्थेतील

अहवाल, ऑनलाइन अध्ययनव्यवस्थेतील : संगणकजालाद्वारे चालणाऱ्या शिक्षणात विद्यार्थ्यांनी उघडलेले पाठ, सोडविलेल्या चाचण्या, सादर केलेले स्वाध्याय, मिळविलेले गुण व चर्चेतील सहभाग यांची नोंद संगणकात आपोआप होत असते. एखाद्या विशिष्ट प्रश्नाच्या उत्तरासाठी या नोंदींतून निवड, वर्गवारी व मोजणी करून काढलेल्या तक्त्यांना, आलेखांना वा सारांशांना अध्ययन-अहवाल म्हणतात. नोंद व अहवाल यांतील भेद प्रारंभीच लक्षात घेणे जरूर आहे. नोंद घडलेल्या गोष्टीची असते. अहवालात त्या नोंदींपैकी काय घ्यावे, काय वगळावे व कशाने भागावे, याविषयी कोणीतरी घेतलेले निर्णय गुंतलेले असतात. अहवाल वाचणाऱ्यास हे निर्णय सहसा दिसत नाहीत. बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच असते.

वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकास हजेरीपटाखेरीज विद्यार्थ्यांचे चेहरे, त्यांच्या वह्या व त्यांनी विचारलेल्या शंका यांचा आधार असतो. ऑनलाइन शिक्षणात, विशेषतः शेकडो विद्यार्थी असलेल्या पाठ्यक्रमात, हा आधार जवळजवळ नाहीसा होतो व पडद्यावरील तक्ता हेच विद्यार्थ्याचे दर्शन ठरते. एखाद्यास परीक्षेस बसू द्यावे की नाही, ताकीद द्यावी की मदत, पुढील वर्षी तोच पाठ तसाच ठेवावा की बदलावा, हे निर्णय त्या तक्त्यावरून घेतले जातात. त्यामुळे अहवाल चुकीचा वाचला गेला, तर त्याची किंमत प्रत्यक्ष विद्यार्थ्यास मोजावी लागते.

इतिहास : संगणकाने विद्यार्थ्याच्या उत्तरांची नोंद ठेवण्याची कल्पना संगणकजालापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या ‘प्लेटो’ या अध्यापनप्रणालीत ती आढळते. त्याच दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सपीझ यांनी प्राथमिक शाळांतील अंकगणिताच्या सरावासाठी संगणक वापरला. संगणकजालाचा प्रसार झाल्यावर १९९० नंतरच्या दशकात ‘वेबसीटी’ व ‘ब्लॅकबोर्ड’ यांसारख्या अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली पुढे आल्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डूजियामस यांनी ‘मूडल’ ही प्रणाली तयार केली व तिची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळत असल्याने जगभर पसरली. भारतातील अनेक विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रसंस्था तिचा वापर करतात. अध्ययनविषयक नोंदींच्या विश्लेषणाला स्वतंत्र अभ्यासशाखेचे रूप २०११ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून आले, असे मानण्यात येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे मूडलचा आधार घेतला आहे. तथापि मांडलेली तत्त्वे इतर प्रणालींसही लागू पडतात.

नोंदींचे स्वरूप : मूडलमधील प्रत्येक नोंदीत वेळ, वापरणाऱ्याचे नाव, ज्या पाठाशी वा चाचणीशी घटना संबंधित आहे त्याचा संदर्भ, घटनेचा प्रकार, ती ब्राउझरमधून झाली की मोबाइल ॲपमधून आणि संबंधित आयपी पत्ता एवढी माहिती असते. सध्याची नोंदपद्धती २०१४ मधील २·७ या आवृत्तीपासून रूढ झाली. ‘पाठ पाहिला’ अशी नोंद असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की, त्या खात्यावरून त्या क्षणी ते पान मागविले गेले. ते वाचले गेले की नाही, वाचणारा कोण होता व त्यास ते उमगले काय, हे नोंदीत नसते. याउलट पाठाची प्रत एकदा उतरवून घेऊन ती छापून दहा वेळा वाचणाऱ्याच्या नावावर एकच नोंद दिसते. मार्च २०२० नंतर शाळा-महाविद्यालये बंद असताना अनेक घरांत एकाच फोनवर दोन-तीन भावंडे आळीपाळीने शिकत होती. वडील कामावरून परतल्यावरच फोन हाती येई. अशा विद्यार्थ्याची नोंद तुटक व रात्री उशिराची दिसते. तीवरून त्याच्या आस्थेविषयी अनुमान काढणे अन्यायाचे होईल.

‘अध्ययनास दिलेला वेळ’ हा रकाना सर्वांत अधिक आकर्षक व सर्वांत अधिक फसवा आहे. प्रणाली वेळ मोजत नाही. ती केवळ कळ दाबल्याचे क्षण टिपते व लागोपाठच्या दोन क्षणांमधील अंतरांवरून वेळेचा अंदाज बांधला जातो. समजा, एका विद्यार्थिनीच्या नोंदी सायंकाळी ७·००, ७·०४, ७·०५, ७·५० व ७·५२ अशा आहेत. तीस मिनिटांहून मोठे अंतर म्हणजे विद्यार्थिनी उठून गेली, असा नियम लावल्यास तिचा वेळ ४ + १ + २ म्हणजे ७ मिनिटे भरतो. हीच मर्यादा साठ मिनिटांची ठेवल्यास तो ५२ मिनिटे होतो. मधली पंचेचाळीस मिनिटे तिने कागदावर उदाहरणे सोडविण्यात घालविली की स्वयंपाकघरात, हे संगणकास ठाऊक नसते. शेवटची कळ दाबल्यानंतरचा वेळ तर दोन्ही रीतींत मोजला जात नाही. म्हणून वेळेचा अहवाल देताना कोणती मर्यादा धरली हे सांगितले नसेल, तर त्या आकड्यास अर्थ नाही.

‘पूर्णता’ दर्शविणाऱ्या अहवालाचीही अशीच गत आहे. मूडलमध्ये एखादा घटक ‘पूर्ण’ केव्हा मानावा, हे शिक्षक ठरवितो : विद्यार्थ्याने स्वतः खूण केल्यावर, पान उघडल्यावर, उत्तर सादर केल्यावर वा ठराविक गुण मिळाल्यावर. यांपैकी पहिल्या दोन अटींवर आधारलेली १०० टक्के पूर्णता आणि शेवटच्या अटीवर आधारलेली ६० टक्के पूर्णता यांत दुसरी अधिक भरवशाची समजावी.

अहवालाची जुळणी : प्रणालीबरोबर तयार मिळणारे अहवाल सर्वांसाठी असल्यामुळे कोणाच्याच नेमक्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. म्हणून ते आपल्या गरजेप्रमाणे जुळविण्याची सोय आवश्यक ठरते. पूर्वी त्यासाठी माहितीसाठ्यास एसक्यूएल या भाषेत थेट प्रश्न विचारावे लागत व ते काम संगणकतज्ञावाचून होत नसे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या मूडलच्या ४·० या आवृत्तीत अहवाल-रचनेचे साधन अंतर्भूत झाले. त्यात प्रथम माहितीचा स्रोत निवडावयाचा (उदा., विद्यार्थी, पाठ्यक्रमांतील सहभाग), मग रकाने, नंतर अटी व गाळण्या, क्रमवारी आणि शेवटी गट करून बेरीज, सरासरी वा संख्या काढण्याची रीत. तयार झालेला अहवाल कोणास दिसावा आणि दर आठवड्यास वा महिन्यास कोणास ईमेलने जावा, हेही ठरविता येते.

या साधनातील ‘अट’ व ‘गाळणी’ यांतला फरक किरकोळ वाटतो. परंतु तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गाळणी वाचकाच्या हाती असते : त्याने एखादी तुकडी निवडावी, ती काढून टाकावी. अट ही रचना करणाऱ्याने कायमची घातलेली असते व वाचकास ती दिसत नाही. ‘सध्या दाखल असलेलेच विद्यार्थी’ अशी अट घातलेला अहवाल पाठ्यक्रम सोडून गेलेल्यांना मुळातूनच वगळतो. सत्राच्या आरंभी शंभर विद्यार्थी होते, त्यांपैकी चाळीस सोडून गेले व उरलेल्या साठांपैकी चोपन्न उत्तीर्ण झाले, तर हा अहवाल ९० टक्के यश दाखवील. आरंभीच्या संख्येवर ते ५४ टक्के आहे. गेलेल्या चाळिसांविषयीच खरे तर विचार व्हावयास हवा, पण त्यांचे नाव कोठेच नसते. म्हणून लपलेल्या अटी अहवालाच्या शीर्षकातच लिहाव्यात, अशी शिस्त पाळणे इष्ट होय.

गट करून सरासरी काढताना आणखी दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे सरासऱ्यांची सरासरी. दहा विद्यार्थ्यांच्या तुकडीची सरासरी ८० व नव्वद विद्यार्थ्यांच्या तुकडीची ५० असता दोहोंची सरासरी ६५ सांगितली जाते. सर्व शंभर विद्यार्थ्यांची खरी सरासरी ५३ आहे. दुसरी चूक दुहेरी मोजणीची. एकच विद्यार्थी तुकडी व प्रात्यक्षिक गट अशा दोन गटांत असेल, तर त्याच्या नावाच्या दोन ओळी येतात व एकूण संख्या फुगते. ओळी न मोजता भिन्न विद्यार्थी मोजण्याचा पर्याय याकरिताच दिलेला असतो.

गुणांचे अहवाल : गुणपत्रकातील एकूण टक्केवारी ही सोपी गोष्ट दिसते. वस्तुतः ती रिकाम्या रकान्यांचे काय करावयाचे यावर अवलंबून असते. प्रत्येकी १०० गुणांच्या पाच स्वाध्यायांपैकी एका विद्यार्थ्याने दोनच दिले व त्यांत ९० गुण मिळविले. रिकामे गुण वगळले, तर त्याची टक्केवारी ९० येते. ते शून्य धरले, तर ३६. मूडलमध्ये रिकामे गुण वगळण्याची योजना मुळातच लागू असते. सत्र चालू असताना ती योग्यच आहे, कारण अद्याप न आलेल्या स्वाध्यायांचा दंड कोणास होऊ नये. सत्र संपल्यावरही ती तशीच राहिली, तर मात्र काम न केलेला विद्यार्थी अग्रस्थानी दिसतो. पालकांस दाखविलेले पत्रक व अंतिम निकाल यांत तफावत पडून जे वाद होतात, त्यांपैकी कित्येकांचे कारण एवढेच असते.

भारतातील ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाच्या बारा आठवड्यांच्या पाठ्यक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांपैकी उत्तम आठांचेच गुण धरले जातात. त्यांचे वजन २५ व प्रत्यक्ष केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे ७५ असते. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी १० व परीक्षेत ७५ पैकी ३० गुण, असे दोन्ही निकष स्वतंत्रपणे पूर्ण करावे लागतात. महाविद्यालयातील मार्गदर्शकाने बाराही स्वाध्यायांची साधी सरासरी काढून विद्यार्थ्यांची यादी केली, तर तो नियमानुसार सुरक्षित असलेल्या विद्यार्थ्यासही धोक्यात असल्याचे कळवील. अहवालाची सूत्रे मूल्यमापनाच्या नियमांशी जुळली पाहिजेत.

चाचणीचे सांख्यिकीय अहवाल : अहवालांच्या सर्व प्रकारांत हा अधिक उपयुक्त व सर्वांत कमी उघडला जाणारा प्रकार होय. त्यात विद्यार्थ्याची नव्हे, तर प्रश्नपत्रिकेची परीक्षा होते. प्रत्येक प्रश्नासाठी प्रथम सुलभता निर्देशांक दिलेला असतो : त्या प्रश्नावर मिळालेल्या सरासरी गुणांचे कमाल गुणांशी शेकडा प्रमाण. साधारणतः ३५ ते ६४ या कक्षेतील प्रश्न सरासरी विद्यार्थ्यास योग्य मानले जातात. ५ वा त्याहून कमी आल्यास प्रश्न अतिशय कठीण आहे किंवा त्यात काही दोष आहे असे समजतात. हे वाचताना केवळ अंदाजाने मिळू शकणारे गुण लक्षात ठेवावे लागतात. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण करणाऱ्यांसही सरासरी २५ टक्के गुण मिळतात. म्हणून अशा प्रश्नाचा निर्देशांक २६ असेल, तर वर्गास त्यातले काहीच येत नव्हते असा त्याचा अर्थ संभवतो.

दुसरा भेदक्षमता निर्देशांक. त्या प्रश्नावरील गुण व उर्वरित चाचणीतील गुण यांच्यामधील सहसंबंध त्याने व्यक्त होतो. तो ५० वा अधिक असल्यास प्रश्न उत्तम, ३० ते ५० असल्यास पुरेसा समजतात. २० च्या खाली तो दुर्बल व शून्याखाली गेल्यास बहुधा सदोष मानतात. ऋण निर्देशांकाचा अर्थ असा की, इतरत्र चांगले गुण मिळविणारे विद्यार्थी हा प्रश्न चुकले व इतरत्र चुकणाऱ्यांना तो बरोबर आला. अशा वेळी प्रथम उत्तरसूची पाहावी. शिक्षकाने ‘ब’ ऐवजी ‘क’ या पर्यायावर खूण केलेली असते, किंवा दोन पर्याय बरोबर असतात, किंवा प्रश्नातील नकारार्थी शब्द नीट वाचणाऱ्यासच गोंधळात टाकतो. हा एक रकाना पाहिला असता जे गुण न्यायाने परत मिळाले असते, ते न पाहिल्याने कायमचे गेलेले विद्यार्थी थोडे नसावेत.

सर्वांनीच बरोबर (वा सर्वांनीच चूक) सोडविलेल्या प्रश्नाचा भेदक्षमता निर्देशांक काढताच येत नाही, कारण गुणांत फरकच नसतो. रिकामा रकाना हा प्रणालीचा दोष नव्हे. तसेच पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात एका-दोघांच्या उत्तराने हे आकडे बरेच हलतात. चाचणी अनेकदा देण्याची मुभा असेल, तर गणना पहिल्या प्रयत्नावरून करावी. पुढील प्रयत्नांत उत्तरे ठाऊक झालेली असतात व सुलभता कृत्रिमपणे वाढते.

संपूर्ण चाचणीच्या विश्वसनीयतेसाठी आंतरिक सुसंगतीचा गुणांक दिला जातो. तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख (१९१६–२००१) यांनी १९५१ मध्ये मांडलेला ‘आल्फा’ होय. मूडलमध्ये तो टक्क्यांत असतो व ७५ वा त्याहून अधिक मूल्य समाधानकारक मानतात. त्यावरून प्रमाण त्रुटी निघते : गुणांचे प्रमाण विचलन १० व आल्फा ७५ टक्के असल्यास ती १० × √(१ – ०·७५), म्हणजे ५ गुण इतकी येते. समाधानकारक समजल्या गेलेल्या या चाचणीतही ३८ व ४१ गुण मिळविणाऱ्या दोन विद्यार्थ्यांत खराखुरा फरक आहे, असे म्हणता येत नाही; उत्तीर्णतेची रेषा मात्र त्यांच्यामधूनच जाऊ शकते. रेषा कोठेतरी ओढावीच लागते, हे मान्य. परंतु रेषेजवळच्या विद्यार्थ्यांची दुसऱ्या साधनाने फेरतपासणी करण्यास हा एक आकडा पुरेसे कारण आहे.

छेदाची निवड : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २०१२ मध्ये विद्युत् मंडले व इलेक्ट्रॉनिकी या विषयाचा खुला ऑनलाइन पाठ्यक्रम चालविला. त्यात १,५४,७६३ जणांनी नावे नोंदविली. पहिल्या स्वाध्यायात किमान एक गुण २६,३४९ जणांनी मिळविला. सत्रमध्य परीक्षेत किमान एक गुण मिळविणारे १०,५४७ होते आणि प्रमाणपत्रास ७,१५७ जण पात्र ठरले. नावनोंदणीवर मोजल्यास यश ४·६ टक्के, पहिला स्वाध्याय करणाऱ्यांवर मोजल्यास सु. २७ टक्के व सत्रमध्य परीक्षेपर्यंत टिकलेल्यांवर मोजल्यास सु. ६८ टक्के येते. तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला वापरून असे शिक्षण निरुपयोगी ठरविणारे आणि तिसरा वापरून त्याचा गौरव करणारे दोघेही आपापला छेद सांगत नाहीत. विनामूल्य नावनोंदणी ही पुस्तकाच्या दुकानात डोकावण्यासारखी असल्यामुळे, शुल्क भरून वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांशी तिची तुलना करणे गैर होय.

भाकिते व धोक्याच्या सूचना : अहवाल झालेल्या गोष्टी सांगतो, त्यावरून पुढील गोष्ट सांगण्याचा प्रयत्न अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००७ पासून ‘कोर्स सिग्नल्स’ या योजनेत केला. गुण, प्रणालीतील वावर, पूर्वीचे शैक्षणिक यश व इतर वैशिष्ट्ये यांवरून प्रत्येक विद्यार्थ्यास लाल, पिवळा वा हिरवा दिवा दाखविला जाई. ही योजना असलेले दोन वा अधिक पाठ्यक्रम घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात अधिक प्रमाणात टिकतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला व त्याचा मोठा बोलबाला झाला. २०१३ मध्ये टीकाकारांनी त्यातील कच्चा दुवा दाखविला : जो विद्यार्थी अधिक काळ टिकतो त्यासच असे अधिक पाठ्यक्रम घेण्याची संधी मिळते. नाशिकचे पाच सिंहस्थ पाहिलेली माणसे दीर्घायुषी असतात, यावरून सिंहस्थ पाहिल्याने आयुष्य वाढते असे ठरत नाही. कार्य व कारण यांची अशी अदलाबदल अहवालांत फार सहज होते, कारण तक्त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी असतात आणि वाचणारा त्यांना नात्यात गुंफतो.

मूडलच्या ३·४ या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०१७) पाठ्यक्रम सोडण्याचा धोका असलेले विद्यार्थी ओळखण्याचे प्रतिमान उपलब्ध आहे. ते संस्थेच्या पूर्वी संपलेल्या पाठ्यक्रमांतील नोंदींवर प्रशिक्षित करावे लागते. म्हणजे पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे वर्तन पुढच्यांचे माप ठरते. अशा सूचनांचे प्रमाण समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एक हजार विद्यार्थ्यांपैकी शंभर खरोखर सोडून जाणार आहेत. प्रतिमान त्यांपैकी ऐंशींना ओळखते, परंतु न जाणाऱ्या नऊशेंपैकी वीस टक्क्यांनाही, म्हणजे १८० जणांना, चुकून धोक्यात दाखविते. एकूण सूचना २६० झाल्या व त्यांत खऱ्या ८०, म्हणजे सु. ३१ टक्के. लाल खूण असलेल्या दहांपैकी सात विद्यार्थी मुळात जाणारच नव्हते. सूचनेचा परिणाम शिक्षकाने फोन करून विचारपूस करणे एवढाच असेल, तर या चुकीने फारसे बिघडत नाही. शिष्यवृत्ती रोखणे वा परीक्षेचा अर्ज नाकारणे हा असेल, तर ती अक्षम्य होय. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रतिमानाची अचूकता किती, यापेक्षा चुकीच्या सूचनेचे पुढे काय होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या क्षेत्रातील अभ्यासासाठी इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये नावे काढून टाकलेला माहितीसंच सर्वांस खुला केला. त्यात पाठ्यक्रमांच्या २२ सत्रांतील ३२,५९३ विद्यार्थ्यांचे निकाल व त्यांच्या दैनंदिन वावराच्या एक कोटीहून अधिक नोंदी आहेत. अहवाल वाचण्याचा सराव स्वतःच्या विद्यार्थ्यांवर करण्याऐवजी अशा संचावर करणे केव्हाही बरे.

गोपनीयता : अहवालात कोणास काय दिसावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. यूरोपीय संघाचे माहिती-संरक्षण नियम मे २०१८ मध्ये लागू झाले. त्याच सुमारास मूडलमध्ये विद्यार्थ्यास आपल्याविषयीची साठविलेली माहिती मागण्याची व ती पुसण्याची विनंती करण्याची सोय करण्यात आली. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात (२०२३) अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करणारी तरतूद असून विशिष्ट वर्गांस व प्रयोजनांस तीतून सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनास दिलेला आहे. व्यवहारात अधिक धोका सोयीच्या मार्गाने येतो. दर सोमवारी आपोआप ईमेलने जाणारा अहवाल बदलून गेलेल्या शिक्षकाकडेही जात राहतो. गुणांचा तक्ता उतरवून घेतला की त्याची प्रत प्रणालीच्या नियंत्रणाबाहेर जाते आणि व्हॉट्सॲपच्या गटावर पोहोचते. नोंदी किती दिवस ठेवावयाच्या, हे मूडलमध्ये व्यवस्थापकास ठरविता येते. काहीच न ठरविल्यास त्या कायम राहतात. उलटपक्षी त्या लवकर पुसल्यास मागील वर्षाशी तुलना करता येत नाही. यावर बऱ्याच संस्थांत काढला जाणारा मार्ग असा की, नावांसह असलेल्या नोंदी सत्राचे निकाल व पुनर्मूल्यांकन संपेपर्यंत ठेवावयाच्या आणि त्यानंतर केवळ तुकडीनिहाय सारांश जतन करावयाचे.